डाव्या बाजूची जाळी

१

कुठलीही नवी गोष्ट समोर आली की आधी तिचं टाचण काढायचं, ही सरोजिनीबाईंची चौतीस वर्षांची सवय. शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या, नवरा चंद्रहास सहा वर्षांपूर्वी गेला, वसईजवळच्या गोखिवऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या राहू लागल्या, तरी सवय सुटली नाही. त्यामुळे मुलाचं, विघ्नेशचं, जीनाशी लग्न ठरलं आणि ते तिच्या गावच्या चर्चमध्ये लागणार हेही ठरलं, तेव्हा बाईंनी कोरी वही काढून पहिल्या पानावर प्रश्न लिहिले. आत जाताना चपला काढायच्या का? टिकली चालते का? ते पांढरी चकती देतात ती आपण घ्यायची की नुसते हात जोडायचे?

लग्नाला त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. नीट हो असंही म्हणाल्या नव्हत्या. ‘तुमचं सुख ते माझं सुख’ असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि गरज नसताना बराच वेळ कणीक मळत राहिल्या. रत्नागिरीकडच्या एका ओळखीच्या घरातली मुलगी त्यांनी मनात धरून ठेवली होती, हे विघ्नेशला कधी कळलं नाही. जीना गुणी होती. बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि बाईंना कधीकधी त्याचाच त्रास व्हायचा.

लग्नाला अडीच आठवडे उरले असताना, एका बुधवारी दुपारी, जीनाने त्यांना माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवरून स्कूटरवर घेतलं. दुकानं, क्लासेसच्या पाट्या मागे पडल्या आणि केळीच्या बागा लागल्या. त्यांच्या मधोमध ते चर्च उभं होतं. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं आणि आत पाय ठेवला तर माठाजवळ बसल्यासारखा गारवा.

“चपला राहू दे, आंटी,” जीना म्हणाली. दाराजवळच्या दगडी वाडग्यातल्या पाण्यात बोट बुडवून तिने कपाळ, छाती, खांदे असा क्रूस केला. मग वेदी दाखवली. वेदीमागच्या छोट्या पितळी दारापाशी एक तांबडा दिवा मिणमिणत होता.

“हा विझवत नाहीत. आत येशू आहे म्हणून.”

“म्हणजे त्याची मूर्ती?”

“नाही. ती भाकर. मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या उपासनेत, ती त्याचं शरीर होते.”

“प्रतीक म्हणून,” बाई वहीत लिहू लागल्या.

“प्रतीक नाही, आंटी. खरंच.” जीनाने ते इतक्या साधेपणाने सांगितलं, जणू पाणी शंभर अंशांना उकळतं हे सांगत होती. बाईंचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी ‘खरंच’ असं लिहून त्याखाली रेघ मारली.

तेवढ्यात फादर क्लेटन आले. तरणेबांड, पायात धावायचे बूट. विघ्नेशच्या जन्मदाखल्यावर नावात काही चूक होती, बिशपच्या परवानगीच्या कागदाशी ते जुळत नव्हतं. “पंधरा मिनिटं, टीचर. तुम्ही बसा आरामात,” असं म्हणून ते जीनाला घेऊन ऑफिसकडे गेले.

बसायचं कुठे हा प्रश्न होता. लग्नाचा मोसम म्हणून सगळी बाकं नुकतीच पॉलिश केली होती. सुतळी बांधून ‘ओलं आहे’ असे कागद लटकवले होते. बाईंचे गुडघे ठणकायला लागले. तेवढ्यात त्यांना बाजूच्या भिंतीला लागून कपाटासारखी एक लाकडी खोली दिसली. मधल्या कप्प्याला जांभळा पडदा, आत गादीची खुर्ची. म्हाताऱ्यांची सोय असावी, असं समजून त्यांनी पडदा सारला आणि त्या टेकल्या.

२

आत जुन्या लाकडाचा आणि मेणाचा वास होता. दोन्ही अंगांना कानाच्या उंचीवर बारीक भोकांची जाळी होती. पंख्याची घरघर लांब कुठेतरी चालली होती. बाईंनी डोळे मिटले. डुलकी लागणार इतक्यात डाव्या बाजूला फळी करकरली. एकदा, आणि जरा थांबून आणखी एकदा. गुडघे दुखणारं माणूस आधी एक टेकतं, मग दुसरा, तसं.

“फादर, मला आशीर्वाद द्या. माज्याकडून पाप झालंय.”

म्हाताऱ्याचा आवाज होता. जाळीपासून वीतभर अंतरावरून येत होता. बाईंना आपण कुठे बसलोय ते एकदम कळलं. हिंदी सिनेमात पाहिलं होतं की! लाजेने त्यांचे कान तापले. आता बोलावं, तर त्या माणसाला मेल्याहून मेल्यासारखं होईल. गप्प राहिलो तर उठून जाईल, असा विचार करून त्या अंग चोरून बसल्या.

“दोन पापं हायेत. एक झालेलं. एक व्हायचंय.”

तो थांबला. श्वास ऐकू येत होता, ओलसर, दमलेला.

“धाकटी बहीन होती माजी. बावखलात पडली. पान्यातून हाक मारीत होती, माजंच नाव घेऊन. मी केळीत उभा होतो, फादर. हातात दोर होता. दोर तिच्यापर्यंत पुरला असता.”

वसईच्या वाड्यांमध्ये बागेला पाणी द्यायला खणलेली ही तळी बाईंनी पाहिली होती. हिरवं, हलत नसलेलं पाणी.

“ती परक्या घरात जानार होती. आमच्यातला नव्हता तो. मला वाटलं, दुसरं कोनी येईल. कोनी आलं नाय. मंग हाक थांबली.” फळी पुन्हा करकरली. आवाज आणखी जवळ आला. “आता दुसरं सांगतो…”

बाईंना ते ऐकवेना. परक्याच्या घरातलं झाकलेलं भांडं उघडल्यासारखं वाटत होतं. आणि दारातल्या पाहुण्याला निरोप देताना तोंडातून जे आपोआप निघतं, तेच त्यांच्या तोंडून निघालं.

“बरं. या आता.”

पलीकडे फळी करकरली नाही.

“येऊ?” आवाजाने विचारलं.

“हो, हो. या.”

३

त्या बाहेर आल्या. उजव्या अंगाला गुडघे टेकायची फळी होती, तिच्यावर कुणी नव्हतं. वळसा घालून डावीकडे गेल्या आणि वळसा पुरा होईना. डावी बाजू थेट भिंतीला भिडली होती. लाकूड आणि भिंत यांच्यामधली फट सिमेंटने बुजवलेली होती. तिच्यात सुई शिरली नसती.

बाईंनी भिंतीवर हात ठेवला. गार. बाहेर जाऊन पाहिलं. त्या बाजूला खिडकी नव्हती. भिंतीपासून दहा पावलांवर दफनभूमीचे क्रूस उन्हात उभे होते. चिटपाखरू नव्हतं.

जुन्या इमारतीत आवाज कुठून कुठे फिरतो, त्यांनी स्वतःला समजावलं. शाळेतही खालच्या वर्गातल्या गप्पा वरच्या जिन्यात ऐकू यायच्या. कुणीतरी उजवीकडेच बसलं होतं आणि उठून गेलं. वयाने कान फसवतात.

फादर आणि जीना परत आले. बाईंनी वही उघडली आणि शक्य तितक्या सहज विचारलं, “ही कसली खोली?”

“पापनिवेदनाची. कन्फेशन,” फादर म्हणाले. “मध्ये आम्ही बसतो, लोक बाजूला गुडघे टेकतात. आता फक्त उजवी बाजू वापरात आहे. भिंतीला ओल आली होती, दुरुस्तीत हे असं सरकवलं. मी इथे येण्याच्याही आधीची गोष्ट. आणि कन्फेशन फक्त शनिवारी संध्याकाळी. आज कुणी येत नाही.”

“आणि तुम्ही ऐकलेलं…”

“बाहेर जात नाही. जीव गेला तरी नाही. आम्ही फक्त कान देतो, टीचर. क्षमा करणारा वेगळा.”

“चुकून तिसऱ्याच कुणाच्या कानावर पडलं तर?”

“त्याच्यावरही तेच बंधन.” फादर हसले. “प्रश्न चांगले काढलेत तुम्ही.”

“आणि न सांगताच माणूस मेला तर?”

आता ते हसले नाहीत. “तर त्याच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो. आमची श्रद्धा अशी आहे की मेलेल्याला स्वतःसाठी काही करता येत नाही. ते जिवंतांनी करायचं असतं.”

बाईंनी ते वाक्य शब्दशः उतरवलं. जे ऐकलं होतं ते उतरवलं नाही.

४

गोखिवऱ्यात त्यांच्या इमारतीमागे गाळे आहेत. पत्रा कापणारे, प्लॅस्टिक ओतणारे. सहा दिवस धडधड, खणखण. शुक्रवारी त्यांची सुट्टी. एरवी ऐकू येत नाही ते सगळं त्या दिवशी ऐकू येतं: वरच्यांचा पाट्यावरचा वरवंटा, पाइपातून उतरणारं पाणी.

त्या शुक्रवारी तीनच्या सुमाराला बाई खिडकीशी बसून आमंत्रणांच्या पाकिटांवर नावं घालत होत्या. खिडकीला डासांची जाळी लावलेली, काच उघडी. बाहेर फळी करकरली. एकदा. जरा थांबून आणखी एकदा.

बाईंचा हात ‘सौ.’वर थबकला.

खिडकीबाहेर सज्जा नव्हता. तीन मजले खाली गटाराची झाकणं होती. जाळीवर ऊन होतं. मात्र मधोमध, नारळाएवढ्या गोल भागावर ऊन नव्हतं. तिथली जाळी किंचित आत आली, मागे गेली. पुन्हा आत आली. कुणी तोंड लावून श्वास घेत असावं, तशी.

“फादर,” आवाज म्हणाला.

त्यांनी काच धाडकन ओढून घेतली. मग सगळ्या खिडक्या लावल्या, मे महिन्याच्या उकाड्यात. विघ्नेश घरी आला तेव्हा त्या घामाने निथळत, पंखा पाचवर ठेवून, पाकिटं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “अगं, घर आहे की बेकरी?” तो म्हणाला. त्याने जाऊन काच उघडली. बाईंनी जाळीवर हात फिरवला. वाळलेली धूळ, दुसरं काही नाही. पतंग अडकला असेल. सावली पाण्याच्या टाकीची असेल. लग्नाची धावपळ, रक्तदाब, वय. कारणं भरपूर होती आणि त्यांनी ती एकेक करून नीट मांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विघ्नेश डबा घेऊन निघाला. “जातो गं,” तो दारातून ओरडला.

“जातो म्हणू नये. येतो म्हणावं,” बाई सवयीने म्हणाल्या. आणि ओट्याचा आधार घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आपण त्या जाळीतून काय बोललो होतो, हे त्यांना आत्ता ऐकू आलं. आपल्याकडे घालवतानाही ‘ये’च म्हणतात. ज्याला ते म्हटलं, तो आपल्याकडचा नव्हता. त्याने विचारूनही घेतलं होतं.

५

साड्या दाखवायच्या निमित्ताने त्या मंगळवारी जीनाच्या घरी गेल्या. जुनं कौलारू घर, पुढे ओटा, मागे केळी आणि फुलांची वाडी. जीनाची आई रेजिना मोकळ्या स्वभावाची. तिने आल्याआल्या सरबत दिलं, घरची केळी पुढे केली. बाहेरच्या खोलीत एका म्हाताऱ्याचा मोठा फोटो होता. पांढरा सदरा, ओठ घट्ट मिटलेले.

“माझे सासरे. सिप्रियन,” रेजिना म्हणाली. “चार वर्षं झाली जाऊन. गावात मोठा मान होता त्यांना. जीनावर तर फार जीव.”

“बोलायला कसे होते?” बाईंनी विचारलं. स्वतःलाच तो प्रश्न विचित्र वाटला.

“कमी बोलायचे. दुपारी तीनला मागच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचे. पण बावखलाकडे पाठ करून. त्या बाजूची खिडकी त्यांनीच खिळे मारून बंद केलेली, आजवर आम्ही उघडली नाही. आणि एक बघा, मिस्साला कधी चुकले नाहीत, पण कन्फेशनला गेलेले मी नाही पाहिले. फादर यायचे तर विषय बदलायचे.”

“बावखल आहे मागे?”

“आहे ना. त्यांची बहीण गेली त्यात. इनेझ. मी लग्न होऊन यायच्या कितीतरी आधी. वीस वर्षांची पोर. धुणं धुताना पाय घसरला म्हणतात. घरात कुणी नव्हतं.” रेजिनाने आवाज खाली आणला. “तिचं लग्न ठरत होतं म्हणे. मुलगा तुमच्यातला. तेव्हा काळ वेगळा होता, टीचर. आता बघा, आपण दोघी साड्या निवडतोय.”

सरबताचा पेला बाईंनी न पिताच खाली ठेवला. सांगावं का? काय सांगणार? की तुमच्या देवळातल्या भिंतीने मला सांगितलं? आणि बंधन होतं. ज्या धर्मात आपण नाही त्याचं बंधन आपल्याला का लागावं, हेही कळत नव्हतं, पण जीभ उचलत नव्हती.

“जीनाला तिकडे जाऊ देऊ नका,” त्या एवढंच म्हणाल्या. “लग्नाची मुलगी. पाण्याजवळ नको.”

रेजिना हसली. “अहो, आदल्या दिवशी नवरीच्या अंघोळीचं पाणी बावखलातूनच आणायचं असतं. बँड लावून! तुम्हालाही यायचंय.”

“नळाचं नाही का चालत?”

यावर आतून जीनाही हसली. तिचं हसणं वाडीभर खणखणीत गेलं.

६

एक व्हायचंय. बाई दिवसभर त्या दोन शब्दांना धरून बसत. परक्या घरात जाणारी एक बुडाली. दुसरी आता जाणार होती. मेलेल्याला काही करता येत नाही, असं फादर म्हणाले होते. पण मेलेल्याला माहीत असू शकतं. दुसरं पाप कुणाच्या हातून, कसं, ते ऐकून घेतलं तर अडवता येईल. त्या दिवशी आपण तोंड मिटून आणखी पाच मिनिटं बसलो असतो तर आज कळलेलं असतं, हे त्यांना खात होतं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी जेवण लवकर आटोपलं. टेलिफोनजवळची जुनी खुर्ची खिडकीशी ओढली, काच पूर्ण उघडली आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारख्या ताठ बसल्या. गाळे बंद होते. उन्हाने समोरची भिंत पांढरीफटक झाली होती.

तीन वाजून गेले. फळी करकरली. एकदा, आणखी एकदा.

जाळीवर ती गोल सावली आली. बाई उठल्या नाहीत.

“दुसरं सांगा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोन म्हणाला होतात. दुसरं सांगा. मी ऐकतेय.”

जाळी आत आली, मागे गेली. आत आली, मागे गेली. घाई नव्हती. बाईंनी ओळखलं, हे बोलण्याआधीचं थांबणं नव्हतं. वर्गात मुलाला उभं केलं की त्या स्वतः अशाच थांबायच्या. उत्तर माहीत असलेलं माणूस असं थांबतं.

“बोला,” तो म्हणाला.

“मी? मला काय बोलायचंय?”

“बोला,” पुन्हा तेच. मायेने म्हटल्यासारखं.

“मला काही सांगायचं नाही,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “माझ्याकडे काही नाही. मी लग्नाला हो म्हटलंय.”

श्वास थांबला. जाळीवर सगळीकडे ऊन पडलं.

७

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, चार वाजता जीनाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल लुगड्यांतल्या बायका, डोक्यावर फुलं, बँडवाल्यांचे कोट. विघ्नेशला यायचं नव्हतं, नवऱ्या मुलाने आदल्या दिवशी यायचं नसतं. बाई एकट्याच आल्या. ठरवूनच आल्या होत्या की जीनाच्या पदराला चिकटून राहायचं. ती उठली की उठायचं, ती चालली की चालायचं. त्याप्रमाणे त्या चालत होत्या.

वरात वाडीतून वाजतगाजत निघाली. मळ्याच्या कडेला मोकळ्या जागेत बायकांनी फेर धरला आणि फेर काही आवरेना. बँडवाले घामाघूम झाले. शेवटी रेजिनानेच हात वर करून त्यांना थांबवलं आणि सगळ्यांना सरबत द्यायला घेतलं. पेल्यांसाठी एकच गर्दी झाली.

“आंटी, चला, आपण तोवर कळशी भरू,” जीना म्हणाली. “फोटोवाला आला की नुसती उचलायची.”

“थांब जरा. सगळ्या येऊ देत.”

“हे काय, दहा पावलांवर तर आहे.”

बावखल केळींच्या आड होतं. चार दगडी पायऱ्या, खाली हिरवं पाणी, वर शेवाळ. मे महिना म्हणून पाणी उतरलं होतं आणि खालच्या दोन पायऱ्या चिखलाने माखलेल्या होत्या. बाई वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. “जपून,” त्या म्हणाल्या. ते शब्द त्यांनी नक्की म्हटले होते, पुढे कितीदा आठवलं तरी ते नक्की होते.

जीनाने लुगडं वर खोचलं, कळशी कमरेवर घेतली, एक पायरी उतरली, दुसरी उतरली. तिसरीवर तिचा पाय सरकला. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. कळशी पायरीवर आपटली, ठणठणत पाण्यात गेली आणि मागोमाग ती गेली. कडेला गुडघाभर वाटणारं पाणी आत एकदम खोल होतं. लुगडं फुगून वर आलं, मग भिजून जड झालं आणि तिला ओढू लागलं. तोंड वर आलं. हिरव्या पाण्याने भरलेलं.

“आई!”

तिने त्यांना तोवर कधी आई म्हटलं नव्हतं.

सरोजिनीबाई उभ्या होत्या. बाजूलाच केळीला बांधलेला लांब बांबू होता, तो त्यांना दिसत होता. मागे दहा पावलांवर तीस माणसं सरबत पीत होती. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. त्यांना हे सगळं स्पष्ट कळत होतं, आणि आपण काहीच करत नाही आहोत हेही कळत होतं. मनात भीती नव्हती. मनात रत्नागिरीचं ते घर होतं, तुळशीपुढे रांगोळी घालणारी एक मुलगी होती, आणि सगळं आपोआप, कुणाचाही हात न लागता, सुरळीत होऊन जाईल अशी एक थंड, स्वच्छ जागा होती. येईल कुणीतरी. येईलच.

“आई!”

त्यांनी मान वर केली. समोरच्या काठावर केळीत कुणीतरी उभं होतं. पांढरा सदरा. वाकलेले खांदे. हातात दोराचं वेटोळं. चेहरा पानांच्या सावलीत होता, पण रोख कळत होता. तो पाण्याकडे बघत नव्हता. त्यांच्याकडे बघत होता. आणि त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत चाललं होतं. ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देऊन माणूस उभा राहतो, तसा तो हळूहळू सरळ होत होता.

तिसरी हाक आली नाही. नुसता बुडबुड आवाज आला.

मग बाई ओरडल्या. घसा फाटेस्तोवर ओरडल्या, बांबू ओढून काढला, गुडघ्यांचं दुखणं विसरून पायऱ्या उतरल्या, कमरेइतक्या पाण्यात गेल्या. मागून माणसं धावली. ट्रंपेटवाला कोटासकट आत उडी मारून गेला. दोघांनी मिळून जीनाला वर घेतलं, पालथं घातलं. तिच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग रडणं. समोरच्या काठावर नुसती केळीची पानं हलत होती.

८

तासाभराने ती कोरड्या कपड्यांत, चादर लपेटून खाटेवर बसली होती. डॉक्टर येऊन गेले होते. उद्याचं लग्न उद्याच होणार होतं, तिनेच तसं ठासून सांगितलं. रेजिनाने भरल्या डोळ्यांनी सरोजिनीबाईंचे दोन्ही हात धरले.

“तुम्ही तिथे होतात म्हणून. देवानेच तुम्हाला उभं केलं, टीचर.”

बायका एकेक करून बाहेर गेल्या. खोलीत त्या दोघीच उरल्या. जीना चहाच्या कपाकडे बघत होती.

“मी दोनदा हाक मारली,” ती म्हणाली. बोलताना घसा घरघरत होता. “तुम्ही वरच होतात. माझ्याकडेच बघत होतात.” मग तिने स्वतःच उत्तर शोधून पुढे केलं, घरी आलेल्या माणसाला पाट द्यावा तसं. “बँडमुळे ऐकू आलं नसेल ना?”

“हो,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “बँडमुळे.”

जीनाने मान हलवली आणि चहा पिऊन टाकला. बँड तेव्हा थांबलेला होता, हे दोघींनाही माहीत होतं.

हात धुवायला म्हणून बाई मागच्या पडवीत गेल्या. उन्हं उतरली होती, तरी उजेड पुरेसा होता. त्यांनी बांगड्या वर सारल्या आणि उजवं मनगट डोळ्यांजवळ नेलं. त्या म्हाताऱ्यानेच धरून ठेवलं होतं. त्या जागी उभं असताना कुणाची तरी गार बोटं मनगटाला लागली होती, पाय म्हणूनच उचलला नाही. असंच झालं असणार. तो पलीकडच्या काठावर होता हे खरं, पण जो भिंतीतून येतो त्याला पाणी ते काय? एवढ्या जोराने धरलं असेल तर एव्हाना काळंनिळं व्हायला हवं होतं.

त्यांनी मनगट उलटं केलं, सुलटं केलं. दुसरंही बघितलं. कातडी स्वच्छ होती, म्हातारपणाच्या सुरकुत्यांशिवाय तिच्यावर काही नव्हतं.

आत कुणीतरी त्यांना बोलावत होतं, उद्याच्या फुलांचं विचारायला. “आले,” त्या म्हणाल्या. मग डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत आवळलं, आणि चार बोटांचे वळ लख्ख उठेपर्यंत सोडलं नाही.